आज कोन म्हनून आली?

कुठलाही कागद हातात आला की ते आधी उलटा करून पाहायचे. पुढची बाजू नंतर. सरकारी परिपत्रक असो, लग्नाची पत्रिका असो की आश्रमशाळेतल्या एखाद्या पोरीनं प्रेमानं दिलेलं चित्र असो, सुरुवात पाठीकडून. पाठ कोरी निघाली की "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये समाधान नसायचं. कोरी का ठेवली असेल, अशी नवी शंका असायची.

"पुढं तं सगळेच चांगलं लिहते," ते म्हणायचे. "मांगं काय हाय थे आदी पाहा लागते."

माझं नेमणुकीचं पत्र त्यांनी असंच उलटं केलं, मग सुलटं केलं, मग खिडकीच्या उजेडात धरून आरपार पाहिलं. मी समोर उभी होते. बस म्हणाले नव्हते.

"इथं लिवलं प्रशिक्षणार्थी." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. दुसरं बोट चार ओळी खाली. "अन् इथं लिवलं संशोधक. तू एक हायस का दोन?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा, आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा ओढणारा. आपण त्याला हसतो. मीही हसले होते. त्या हसण्याची गोष्ट सांगायला बसले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ते लॅब टेक्निशियन होते. गावाचं नाव सांगत नाही. त्यांचंही सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली, अंगानं वाळकुडे, शर्टाच्या खिशात चार पेनं आणि चारही झाकणं घट्ट. मी पहिल्या दिवशी "काका" म्हणून हाक मारली, तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काका कोनत्या नात्यानं?" मी मुकाट्यानं "सर"वर आले.

मी पुण्यात मानवशास्त्र शिकत होते. त्यातही वैद्यकीय मानवशास्त्र, म्हणजे माणसं आजाराकडे कशी पाहतात, कोणाला सांगतात, कोणापासून लपवतात, याचा अभ्यास. शेवटच्या वर्षी आमच्या विभागानं नवी सोय काढली होती. एखाद्या संस्थेत आठ महिने काम करायचं आणि त्याच मुक्कामात प्रबंधही लिहायचा. मला मिळालेली संस्था या रुग्णालयाच्या बरोबरीनं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची. आठवड्यातले पहिले तीन दिवस संस्थेचे: सरांबरोबर जीपमधून वस्त्यांवर आणि शाळांत जायचं, नावं लिहायची, निकाल आल्यावर घरोघरी जाऊन समजावून सांगायचं. गुरुवार-शुक्रवार माझे, प्रबंधाचे. विषय होता, सिकलसेल असलेल्या घरांत लग्न जुळवताना काय सांगतात आणि काय सांगत नाहीत.

"एका दगडात दोन पक्षी, असं आमच्या गाईड मॅडम म्हणतात," मी सरांना उत्साहानं सांगितलं.

"पक्ष्यायले कोनी विचारलं?" ते म्हणाले.

मग माझं गाव विचारलं. मी दिग्रस सांगितलं. वडील तिथल्या जिनिंगमध्ये फिटर, हेही सांगितलं, म्हणजे आपली म्हणतील.

"दिग्रसची हायस अन् 'मला' म्हनते? कदीपासून?"

"पुण्यात राहून जीभ वळली, सर."

"वळलेली जीभ पुना वळू शकते. मंग कोनत्या जिभेवर भरोसा ठेवा मानसानं?"

पहिला महिना मी त्यांच्या शंकांची यादी करण्यात घालवला. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन मैत्रिणीला फोनवर ऐकवायची आणि दोघी पोट धरून हसायचो.

लॅबच्या फ्रीजमध्ये एक सोडून तीन थर्मामीटर होते. "दोघं एकच बोलत असन तं समजा, दोघायनं आदी ठरवलं. तिसऱ्याले येगळं बसवा लागते." म्हणून तिसरा वरच्या कप्प्यात, बाकीच्या दोघांना दिसणार नाही असा.

सिकलसेलची पहिली चाचणी सोपी असते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा आणि नळीच्या मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा हरवल्या तर नमुना पुढच्या तपासणीला जिल्ह्याला. रेघांचा छापील कागद मिळायचा, पण तो ते वापरत नसत. स्वतः पट्टीनं आखलेला वापरत. प्रत्येक नळी दोनदा पाहत. दुसऱ्यांदा पाहताना पहिला निकाल हातानं झाकलेला. जिल्ह्याला जाणाऱ्या प्रत्येक खेपेत एक नळी स्वतःच्या रक्ताची घालत, दर वेळी खोट्या नावानं. तिथली मशीन दर वेळी तेच सांगते की नाही, हे पाहायला.

"आणि काय येतो तुमचा निकाल?" मी सहज विचारलं.

"थे तुले कायले पायजे?"

निकालांची नोंदवही लोखंडी कपाटात असायची. कपाटाची किल्ली कमरेच्या करदोट्याला. उघडायच्या वेळी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आणि एवढं करून त्या जाडजूड वहीच्या पाठीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती: "जुनी परिपत्रके".

"असं का?" मी विचारलं.

"सरकारी हापिसात जुनं परिपत्रक कोनी उघडते का?"

आणि रोज सकाळी मी लॅबच्या दारात पाय ठेवला की, नमस्कार-चमत्कार काही न करता, ठरलेला प्रश्न. "आज कोन म्हनून आली?" सोमवारी मी म्हणायची, "संस्थेची म्हणून." गुरुवारी, "कॉलेजची म्हणून." कंटाळा आला की, "माणूस म्हणून, सर." यावर ते मान हलवायचे. "थे तं सगळेच म्हनते."

मला वाटायचं, हा त्यांचा विनोद आहे.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. एका गावात बौद्ध वस्तीवर आम्ही आधी शिबिर घेतलं होतं. त्यातल्या एका मुलीचा निकाल 'वाहक' असा आला. तिला मंदा म्हणू. वाहक म्हणजे तिला स्वतःला काही त्रास नव्हता. दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. पण नवराही वाहक निघाला, तर लेकराला खरा आजार होऊ शकतो: सांधे धरतात, रक्त कमी पडतं, दुखण्यानं लेकरू रात्रंदिवस विव्हळतं. एवढं समजावून सांगायला मी मंगळवारी तिच्या घरी गेले. संस्थेचं निळं ओळखपत्र गळ्यात होतं.

मंदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी सांगायच्या आधीच तिला सगळं माहीत होतं. आई पाणी आणायला आत गेली तशी ती माझ्याजवळ सरकली आणि हलक्या आवाजात बोलायला लागली. ढाणकीकडचं एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. तिला त्याला सांगायचं होतं, पण आधी त्याचं रक्त तपासून घ्यायचं होतं. तो साफ निघाला तर मग भीतीच नाही. पण तपास म्हणावं कसं? म्हटलं की त्याच्या घरचे आधी तिच्याकडे बोट दाखवणार. वडिलांना अजून निकाल सांगितला नव्हता. वडील लग्नांत बँडबरोबर क्लॅरिनेट वाजवायचे. "ताई, दुसऱ्याच्या पोरीयच्या वराती वाजवू वाजवू माह्या बापाचे गाल बसले," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

(बाजा मी इथे बदलला आहे. तेव्हा बदलला नव्हता.)

त्या रात्री मी अकरा पानं लिहिली. पानं चांगली उतरली, हे लिहितानाच कळत होतं. बुधवारी सरांना म्हटलं, "सर, माझ्या प्रबंधाला एक केस मिळाली. नाव बदलून टाकते."

त्यांनी नळी खाली ठेवली. "तिनं तुले सांगतलं, तवा तू कोन होती?"

"म्हणजे?"

"गळ्यात कार्ड होतं का?"

"होतं."

"मंग थे दवाखान्याचं झालं. पुस्तकाचं नाही. तिनं दवाखान्याच्या मानसाले सांगतलं, तू कालेजच्या मानसाले देऊन राह्यली."

"अहो, दोन्ही मीच आहे ना!"

"म्हनून तं रोज विचारतो," ते म्हणाले आणि पुन्हा नळीकडे वळले.

मला राग आला. आयुष्यभर नळ्या पाहणाऱ्या माणसानं मला संशोधनाची नीती शिकवावी, याचा जास्त आला. पानं मी वहीत तशीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या समन्वयक ताईंचा निरोप आला. महिन्याच्या अहवालात त्यांना एक गोष्ट हवी होती. "आकडे सगळेच देतात गं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे असं काहीतरी दे." माझ्याजवळ तयार होतं. मी अकरा पानांचं एक पान केलं. मंदाचं नाव बदलून कविता केलं, गाव गाळलं. नर्सिंग ठेवलं. क्लॅरिनेटही ठेवला, कारण तोच तर सगळ्यात सुंदर होता. ते पान कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचून दाखवलं गेलं. लोकांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं म्हणे. कोणीतरी त्याचा फोटो काढला. फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला.

बारा-पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास तीन माणसं लॅबमध्ये आली. पुढे होते ते ढाणकीकडच्या त्या मुलाचे चुलते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मऊ.

"साहेब, एका पोरीचं रक्त तुमीच तपासलं म्हने." त्यांनी मंदाचं खरं नाव सांगितलं.

"आमच्याकडं नाव नसते. नंबर असते," सर म्हणाले.

"मंग नंबर सांगा."

"कोनाचा?"

"तिचा."

"नावच नाही तं तिचा नंबर कसा सांगू?"

चुलत्यांनी मागे पाहिलं. बरोबरच्या माणसानं फोन पुढे केला. सरांनी तो घेतला, सवयीनं उलटा करून त्याची पाठ पाहिली, मग सुलटा करून वाचायला लागले. सावकाश. बोटानं पान वर सरकवत. मी काचेच्या नळ्या पुसत होते. पुसून झालेल्याच पुन्हा. एका जागी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मला वाटलं, आता ते बोलतील, आणि बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

"यात कविता लिवलं हाय," ते चुलत्यांना म्हणाले. "तुमी दुसरंच नाव सांगून राह्यले. मंग कविताले शोधा."

"साहेब, त्या गावात क्लॅरिनेट वाजवनारा एकच हाय."

"यात गावाचं नाव बी नाही."

"आमी काय येडे हाओ का? त्या घरची पोरगी कराची हाय आमच्या पोराले. आमाले समजलं पायजे."

"बरोबर हाय. समजलं पायजे." सर उठले. "पोराचं रक्त तपासलं?"

"त्याले काय झालं? पैलवानासारखा हाय."

"वाहक बी पैलवानासारखाच असते. तुमचं तपासलं?"

"माहं कायले?"

"तुमी चुलते. रक्त एकच. पाहा, मी कोनावर भरोसा ठेवत नाही. थे पोरगी कोन हाय मले माहीत नाही, तिच्यावर नाही. तुमच्या पोरावर नाही. तुमच्यावर बी नाही. तपासाचं असन तं बसा. नसन तं दार उघडं हाय."

तिघांतला एक "पानी पिऊन येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. चुलते मात्र खुर्चीवर टेकले. उरलेल्यासमोर माघार कशी घ्यायची, हा प्रश्न असावा. सरांनी त्यांचं बोट कापसानं पुसलं, सुई उघडली. तेवढ्यात चुलत्यांनी हात किंचित मागे घेतला.

"साहेब, माहं काई निंगालंच, तं बाहेर कोनाले सांगान तं नाही नं?"

सरांनी सुई तशीच धरून ठेवली.

"हे तुमी विचारलं नं आता," ते म्हणाले, "थेच त्या पोरीनं बी कोनाले तरी विचारलं असन."

चुलत्यांनी मान खाली घातली आणि बोट पुढे केलं. त्यांचा निकाल काय आला, मला माहीत नाही. त्या दिवशी सरांनी नळी माझ्याकडे पाठ करून पाहिली. दोनदा.

त्यानंतर तीन दिवस त्यांनी मला तो रोजचा प्रश्न विचारला नाही. मी दारात यायची, थांबायची; ते वर पाहत नसत. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "सर, काहीतरी बोला."

"मी कायले बोलू? ज्या घरी जा लागते त्या घरी जा. मी येतो संगं. पन बोलशीन तू."

आम्ही गेलो. ते अंगणाच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे राहिले. मंदा ओट्यावर बसून गणवेशाला इस्त्री करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि जे झालं ते सांगायला लागले. तिनं इस्त्री थांबवली नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "माह्या मैत्रिनीनं पाठवला फोटो. चांगलं लिवलं, ताई. नाव बदललं तुमी. बाजा तसाच ठेवला."

मी माफी मागितली. तिनं कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली.

"आता हे बी लिहान का?"

उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. तिनंच पुढे सांगितलं. मुलाकडून निरोप आला होता, थोडं थांबू. मुलगा स्वतः रक्त तपासायला तयार होता. फोनवर तसं म्हणालाही. पण चुलते अजून विचार करत होते आणि तो चुलत्यांच्या विचाराची वाट पाहत होता. "मीच म्हनलं, थांबू नका. ज्याले तपासाले घरच्यायची परवानगी लागते, थो मांगून माह्या लेकराले दवाखान्यात नेताना बी परवानगीच मांगन." मग आवाज खाली आला. "बाबाले मी सांगनार होती. माह्या तोंडानं. तेवढं मात्र गेलं."

आतून वडील बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेले. बसलेले गाल मी लिहिले होते, पाहिले पहिल्यांदा.

परतताना जीपमध्ये मी वही सरांपुढे धरली. "ही पानं तुम्हीच घ्या. काय करायचं ते करा."

त्यांनी हात मागे घेतला. "मले कायले देते? माह्यावर काहून भरोसा ठेवते?"

लॅबमध्ये आल्यावर मीच ती अकरा पानं फाडली. त्यांनी कोपऱ्यातली पिवळी पिशवी पुढे सरकवली. रक्ताचे बोळे वगैरे जाळायचा कचरा तिच्यात जातो. "टाक. हे बी इन्फेक्शनच हाय." पानं बोळ्यांवर पडली. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग स्टुलावर बसले, आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "बस."

"मी नवीन लागलतो तवाची गोठ," ते म्हणाले. "घरी जेवता जेवता बायकोजवळ बोलून गेलो. एकच वाक्य. आमच्याच गावची पोट्टी होती. बायकोनं तिच्या बहिनीले सांगतलं, बहिनीनं आनखी कोनाले. महिन्याभरात पोट्टीचं लग्न मोडलं. कोनाले समजलं नाही का मी बोल्लतो. तिले बी नाही. आता तिचं वय झालं. रस्त्यानं दिसलो का अजून नमस्कार करते मले. म्हनते, साहेब, तुमच्यासारखा मानूस नाही."

बाहेर कोणीतरी रिपोर्टसाठी दार वाजवलं. ते उठले नाहीत.

"लोकायले वाटते हा सगळ्यायवर शंका घेते. लोकायवर कायले घेऊ? मी माह्यावर घेतो. पह्यले माह्यावर. मंग उरली तं दुसऱ्यावर."

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला नाही. संस्थेला मात्र लिहिलं की ते पान मागे घ्या. ताईंनी घेतलंही, पण फोन कोणाकोणाचे पुसणार?

त्यानंतरचे माझे चार महिने फार वेगळे गेले. सरांनी नियम घालून दिला. गुरुवार-शुक्रवारी ओळखपत्र लॅबच्या खिळ्याला अडकवायचं. ज्या घरी जायचं त्याच्या दारात उभं राहून, आत पाय टाकण्याआधी, मोठ्यानं सांगायचं: "आज मी दवाखान्याची नाही. कॉलेजच्या अभ्यासासाठी आली. तुम्ही नाही म्हटलं तरी तपासणी-औषधात काही फरक पडणार नाही." पहिल्या दिवशी मी हे खरंच म्हणते की नाही, हे पाहायला ते स्वतः आले आणि दाराच्या बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले. हाताची घडी, मान तिरकी, एक कान माझ्याकडे.

पहिल्याच घरी एका म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग नको माय. दवाखान्याची असती तं बसवली असती. कालेजचं आमाले काय करा लागते?" आणि तिनं दार लोटून घेतलं.

माझा चेहरा पडला. सरांचा मात्र उजळला. आठ महिन्यांत मी त्यांना तेवढं खूश कधी पाहिलं नाही.

"पाह्यलं? तू खरं विचारलं म्हनून थे नाही म्हने. जिथं सगळेच हो म्हनते नं, तिथं विचारलंच नाही समज."

खूप जणांनी नाही म्हटलं. काहींनी हो म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं, त्यांनी मला जे सांगितलं, ते मंदाच्या अकरा पानांसारखं सुंदर नव्हतं. अडखळत, अर्धवट, मध्येच "हे नका लिहू" असं. ते मी लिहिलं नाही. गाईड मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, तुझं साहित्य फार थोडं आहे." मी नकारांचंच एक प्रकरण केलं: कोणी, कशा शब्दांत, दारात की ओट्यावर, हसून की रागावून नाही म्हटलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढंच प्रकरण उघडून ठेवलं होतं आणि अर्धा तास त्यावरच विचारत राहिले. मी पास झाले. मंदाही त्याच वर्षी पास झाली आणि एका मोठ्या दवाखान्यात लागली, असं संस्थेतल्या एकीकडून कळलं. तिचं-माझं पुन्हा बोलणं झालं नाही. मी दोनदा मेसेज लिहून पुसला.

निघायच्या दिवशी मी सरांना म्हटलं, "आभारात तुमचं नाव टाकते."

"नको."

"सर, एवढं तर—"

"नाव नको. गाव नको. दवाखाना बी नको. लिहाचंच असन तं लिही, एक मानूस होता, भलकसा तरास देत होता."

मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरले. मग काय वाटलं कोण जाणे, खिशातल्या चार पेनांतलं एक काढून त्यांनी माझ्यापुढे केलं. मी घेतलं. त्यांनी ते परत घेतलं, कागदावर ओढून चालतं की नाही पाहिलं, आणि पुन्हा दिलं.

प्रबंध बांधून यायला वेळ लागला, मग नोकरी, नवं शहर, यात अडीच-तीन वर्षं गेली. परवा दिग्रसला आले होते, तेव्हा एसटीनं मुद्दाम त्या गावाला उतरले. लॅबमध्ये एक तरुण टेक्निशियन होती. तिनं लगेच खुर्ची दिली, चहा विचारला. सर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. निरोप समारंभाला ते आलेच नव्हते, म्हणे. आदल्या दिवशी किल्ली, नोंदवही आणि थर्मामीटर सह्या घेऊन सोपवले आणि गेले. कुठे राहतात? तिला माहीत नव्हतं. फोन नंबर? कार्यालयात होता, तो बंद येत होता. आठ महिने रोज त्यांच्याबरोबर काम करून त्यांचं गाव मलाही माहीत नव्हतं. आमच्याच गावची पोट्टी, एवढंच ते बोलले होते.

मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. शिपाई जुना होता, त्यानं मला ओळखलं. माझ्या हातातल्या प्रबंधाच्या जाड काळ्या पुस्तकाकडे पाहत म्हणाला, "त्यायले द्याचं होतं का? स्टँडवरच्या पानवाल्याले मालूम असन त्यायचं गाव. विचारून येऊ का, मॅडम? दोन मिनिटाचं काम हाय."

खरंच दोन मिनिटांचं होतं. माणसं शोधून काढणं, त्यांच्या दारापर्यंत पोहोचणं, हेच तर मी शिकले होते.

"नको," मी म्हटलं. "त्यायनं सांगतलं नाही म्हंजे नको."

शिपायाला ते काही पटलं नाही. एवढ्या लांबून आलेली बाई, माणसाला भेटायचं म्हणते आणि पत्ता नको म्हणते. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले, तर फाटकाबाहेर पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी करून, माझ्याकडे पाहत राहिला.